बोलावल्याशिवाय

आमच्या चर्चच्या मंडळीत कोणी गेलं की पहिला फोन पाळकाला, म्हणजे बाबांना, यायचा. बाबा जेवत असले तर ताटावरून उठायचे, हात धुवायचे, निघायचे. बोलावलंय का, हा प्रश्नच नव्हता. मरणाच्या घरी बोलावणं लागत नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. तिथे जाऊन ते फार बोलायचे नाहीत. मयताच्या उशाशी सतरंजीवर बसायचे, घरच्या बाईच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायचे. त्या घरात चूल पेटत नसे, म्हणून कबरस्तानातून माणसं परतेपर्यंत आईचं पिठलं-भाकर तिथे पोचलेलं असायचं. कडू घास. रविवारचा उपदेश मला कधीच पाळकाचं खरं काम वाटला नाही. खरं काम हे होतं.

मी पत्रकांवर वाढले. बाबांची उपदेशाची पत्रकं महाल भागातल्या एका छापखान्यातून यायची, आणि वाचता येण्याआधी मला त्यांच्या घड्या घालता येत होत्या. पुढे कॉलेजात माझी स्वतःची पत्रकं निघाली, सफाई कामगारांच्या पगारावर, वस्तीतल्या पाण्यावर. बाबा तीही चष्मा लावून तपासायचे. “बेटा, एवढे उद्गारचिन्ह कायले? लोकं बहिरे नाहीत.”

असा माणूस जर्मनीला गेला. तिथल्या एका लहान गावातल्या मंडळीला पाळक मिळत नव्हता, आणि आमच्या मंडळीशी त्यांचा जुना संबंध. वर्षभर भाषा शिकायची, मग तिथली कमिटी ठरवणार, ठेवायचं की परत पाठवायचं. मी घरात भांडले. ज्यांनी एकेकाळी आम्हाला देव शिकवायला माणसं पाठवली, त्यांच्याकडे आता स्वतःची माणसं पुरायला पाळक उरला नाही, म्हणून आमचा न्यायचा. आणि आमच्या लोकांनी तो हार घालून द्यायचा! बाबा म्हणाले, “मंडळी ते मंडळी असते. तिथल्या माणसाले काय मरण येत नाही?”

ते गेले आणि पाळकाच्या घरात नवा पाळक आला. आई आणि मी मनीषनगरात दोन खोल्यांत राहायला गेलो. आमच्या देवळाची, म्हणजे चर्चची, वेदी आता दुसऱ्याची होती. तिथे बाबा नापास झाले असते, तर इकडचीही जागा गेलेली होती. पन्नाशी उलटलेली, दुसरं कुठलं काम हाताला माहीत नाही. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं आणि फोनवर आम्ही हवेबद्दल बोलायचो.

दुपारी व्हिडिओ कॉल यायचा. स्वेटरवर स्वेटर घातलेले बाबा वही उघडून बसलेले. ज्या माणसाने भर उन्हात मांडवाखालच्या लोकांना दीड-दीड तास जागेवरून हलू दिलं नव्हतं, तो आता दुकानात पाव मागायच्या आधी वाक्य पाठ करत होता.

“आता तरी माझं ऐकून घ्याल,” आई म्हणायची. “बोलायले जीभच नाही तुमच्यापाशी.”

“हसून घे वं. इथं तर मले कोणी हसतही नाही. माफ करा म्हणतात आणि पुन्हा विचारतात.”

एकच घर त्यांचं झालं होतं. एक म्हातारा निवृत्त शाळामास्तर दर गुरुवारी त्यांना बोलवायचा, उपदेश मोठ्याने वाचून घ्यायचा, चुका सांगायचा. त्याची बायको कॉफी आणून ठेवायची आणि खिडकीशी विणत बसायची. त्या घराबद्दल बोलताना बाबांचा आवाज जुना व्हायचा.

मग म्हातारा गेला. बाबांना चर्चच्या कचेरीतून निरोप आला आणि त्यांनी आधी आम्हाला फोन लावला.

“मी निघून राहिलो. पण हातात काही नाही ना वं.”

“बेसन आहे काय?”

बेसन होतं. आईने फोनवरून सांगितलं, बाबांनी केलं. “आधी पाण्यात कालवा, गाठी होऊ देऊ नका. हां, आता ढवळा. थांबू नका.” ज्वारीचं पीठ नव्हतं, म्हणून सोबत पाव. डबा मफलरमध्ये गुंडाळून ते बसने गेले. त्या दुपारी आई आणि मी खूश होतो, हे लिहायला आज कसंतरी वाटतं. बाबांना शेवटी त्यांचं काम मिळालं, असं वाटलं होतं.

पुढचं त्यांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. बाईंनी दार उघडलं. बाबा आत गेले. मयत घरात नव्हतंच, सकाळीच गाडी येऊन घेऊन गेली होती. ते म्हाताऱ्याच्या रिकाम्या खुर्चीजवळ जमिनीवर बसले. बाई उभ्याच. मग ते उठले आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. जर्मन एक शब्द आठवेना. मराठीत प्रार्थना सुरू केली, देवळात करायचे तशी, मोठ्या आवाजात. बाई मागे सरकल्या, दुसऱ्या खोलीत गेल्या, मुलीला फोन केला. मुलगी आली. लहान मुलाला सांगावं तसं सावकाश, सोपे शब्द निवडून तिने सांगितलं, आता जा. डबाही परत हातात दिला.

तिथे आधी फोन करून भेटीची वेळ घेतात. मग पाळक जातो, गेलेल्या माणसाविषयी ऐकून घेतो. दफन बऱ्याच दिवसांनी होतं. कमिटीने हे सगळं बाबांना समजावलं, अगदी सौजन्याने. दफनाला शेजारच्या गावचा पाळक आला. बाबा शेवटच्या बाकावर बसले.

मी पेटले. त्याच दिवशी कमिटीला पाठवायला पत्रक लिहून काढलं. दुःखाला वेळ घ्यायला लावणारा हा कुठला धर्म? बाबांना फोनवर वाचून दाखवलं.

“पाठवू नको.”

“काहून? तुमचं काय चुकलं?”

“ते बाई रडूही नाही शकली माझ्यासमोर. मी तिले विचारलंच नाही, येऊ काय म्हणून. तिचं दुःख आहे ते बेटा, तुझ्या सभेचा मुद्दा नाही.”

मी पाठवलं नाही. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पुरतं पटत नाही. वर्ष भरलं तेव्हा कमिटीने नाही म्हटलं. कारण भाषेचं दिलं.

बाबा परत आले, दोन स्वेटर आणि तो डबा घेऊन. आता ते मनीषनगरच्या खोलीत खिडकीशी बसतात. जुन्या मंडळीतले लोक भेटले की म्हणतात, सलाम पाळकसाहेब, आणि घाईत असतात. नव्या पाळकाला वाईट वाटेल, हे त्यांनाही कळतं.

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या शेजारीणबाई गेल्या. आईला बाजारात कळलं. तिने आल्याआल्या गॅस पेटवला, बेसन कालवलं. बाबांनी बूट घातले, नाड्या बांधल्या आणि पलंगाच्या कडेवर बसले.

“निघा ना,” आई म्हणाली.

“बोलावलं काय त्यायनं?”

“मरणाच्या घरी कोण बोलावते?”

 बाबा फोन मांडीवर घेऊन बसून राहिले. मी म्हटलं, मी येते सोबत, चला. ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू माझ्या बोलण्याचं त्यांना मनात भाषांतर करावं लागत होतं.

ऊन उतरलं. दफन आटोपलं असणार. आईने भाकरी थापल्या, तीन ताटं घेतली आणि पिठलं वाढलं. बाबा बूट घालूनच जेवायला बसले.