चार बोटं वर

अकोल्याच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शालिकराम तायडेनं चौतीस वर्षं मुडदे सांभाळले. कागदावर तो शरीररचनेच्या हॉलचा शिपाई. टाकीतून प्रेत काढायचं, टेबलावर घ्यायचं, काम झालं की झाकून ठेवायचं, एवढीच त्याची नोकरी. शिकवणं हे काही त्याचं काम नव्हतं. पण ते तो करायचा, आणि हौसेनं करायचा.

परीक्षा जवळ आली की पोरं त्याच्याभोवती जमायची. त्याची एक रीत होती. "डोये मिटा, हात घाला, अन् काय लागलं ते सांगा," असं तो म्हणायचा. उजव्या बरगड्यांखाली यकृत. उजवी किडनी डावीपेक्षा जरा खाली, कारण वरची जागा यकृतानं अडवलेली. लहान आतडं घड्या घालून बसवलेलं, सोडवलं तर वीस फूट भरेल. हृदय मुठीएवढं, छातीच्या मधोमध, टोक डावीकडे. जाडजूड पुस्तकं वाचून जे डोक्यात शिरत नव्हतं ते असं बोटांतून शिरायचं. त्याच्या हाताखालून गेलेले डॉक्टर आज अमरावती-अकोल्यात पाट्या लावून बसलेत, आणि रस्त्यात दिसला की वाकून पाया पडतात. बापा, माणसाच्या इतकंही पाया पडू नये. त्याला ते खरं वाटायला लागतं.

वस्तीत त्याला 'डॉक्टर'च म्हणत. पार्बताबाईच्या बंडूचं पोट दुखत होतं तेव्हा ती ओवा-हिंग लावत बसली होती. शालिकरामनं उजवीकडे खाली एका जागी बोट दाबलं, बंडू किंचाळला, आणि यानं सांगितलं, "अपेंडिक्स हाये. आत्ताच्या आत्ता न्या." तसंच निघालं. त्या दिवसापासून वस्तीतलं दुखणं आधी त्याच्या ओसरीवर यायचं, मग दवाखान्यात जायचं. जिथे दुखतं तिथे बोट ठेवायचं आणि त्या खाली कोण राहतं ते सांगायचं, ही त्याची विद्या. चारदा खरी ठरली, पाचव्यांदा कुणी विचारलंच नाही.

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. वैशाखातला दिवस, सकाळी नऊलाच गच्ची तापलेली. बायको इंदूबाई वर कुरडया घालत होती. ती अर्ध्यातच खाली आली आणि भिंतीला टेकून बसली. लुगडं घामानं चिंब.

"काय झालं?" शालिकरामनं विचारलं.

"पोटात कसंतरीच होऊन राहिलं. अन् दाढा ठणकून राहिल्या."

"कुठं, बोट ठेव."

तिनं छातीच्या हाडाखाली, पोटाच्या सुरुवातीला हात ठेवला. त्यानं तिचा हात बाजूला करून आपली दोन बोटं तिथे ठेवली. चौतीस वर्षांची बोटं ती, चुकणार कशी? "हे जठर," तो म्हणाला. मग चार बोटं वर सरकला. "हृदय इथं असते. इथं दुखते काय?"

"नाई, तिथं नाई."

"मंग पित्त हाये. काल रातच्याले रस किती वरपला, मोज जरा."

मुलगी पौर्णिमा सुट्टीत माहेरी आली होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते ती, विज्ञानच शिकवते. ती म्हणाली, "बाबा, आईले एवढा घाम काहून येऊन राहिला? ऑटो आणते, ईसीजी काढून घेऊ."

"अकोल्यात मे महिन्यात घाम नाई येईन तं काय थंडी वाजन?" शालिकराम भडकला. "पोट दुखते तं ईसीजी? तुले जास्त समजते का मले? जेवढी तुयी उमर नाई तेवढे हृदय या हातात धरले म्या!"

उठलेली पोरगी परत खाली बसली. बापाच्या तोंडाला तोंड द्यायची त्या घरात पद्धत नव्हती. इंदूबाईनं पित्ताची गोळी घेतली, सोडा प्याली आणि पंख्याखाली पडली. दुपारी दोन वाजता तिनं भडाभडा ओकलं, आणि पाणी मागता मागता डोळे फिरवले.

दवाखान्यात जी डॉक्टर होती ती अपेक्षा, त्याचीच विद्यार्थिनी. तिनं आधी घाईघाईत त्याच्या पायाला हात लावला आणि मग ईसीजीची पट्टी बघितली. तिचा चेहरा उतरला.

"काका, अटॅक आहे. हृदयाच्या खालच्या भिंतीला."

"पण तिले तं पोटात दुखत होतं," तो म्हणाला. "छातीत बिलकुल नाई. म्या सोता पाह्यलं."

"हृदयाचा खालचा भाग पोटाच्या पडद्यावरच टेकलेला असतो, काका. दोघांच्या दुखण्याची खबर मेंदूकडे जाते ती जवळजवळ एकाच वाटेनं. मेंदूला कळत नाही नेमकं कोण ओरडतंय. पोटात दुखतं, जबड्यात दुखतं, कधी नुसता घाम येतो. बायकांमध्ये तर फार वेळा." मग तिनं विचारलं, "केव्हापासून त्रास होता?"

"नऊपासून," पौर्णिमा म्हणाली.

"पाच तास? काका, तुम्ही घरात असताना?"

पौर्णिमा बापाकडे बघत राहिली. आणि ऑक्सिजनच्या मास्कच्या आतून, शुद्धीवर आलेली इंदूबाई बोलली, तुटक तुटक, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं: "मीच नाई म्हटलं, माय. यायनं लय सांगतलं, चाल म्हणून. मीच कुरडयाचा चीक खराब होईन म्हणून बसली."

अपेक्षानं मान हलवली. तिला ते लगेच पटलं. बायका अशाच असतात, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं ना.

हृदयाच्या धमनीतली गुठळी काढली, पण वेळ निघून गेली होती. पुढचे दोन दिवस शालिकराम काचेबाहेर बसून होता. हृदयात जोर उरला नाही, म्हणून रक्त मागे तुंबलं आणि फुप्फुसांत पाणी भरलं. किडन्यांना रक्त पुरेना, म्हणून लघवी आटली. मग यकृत, मग शुद्ध. एकाचा हात सुटला की दुसऱ्याचा सुटत गेला. त्याच्या हॉलमध्ये प्रत्येक अवयव आपापल्या बरणीत, वर चिठ्ठी लावलेला. एकाचं दुसऱ्याशी काही देणंघेणं नाही. ते एकमेकांच्या जिवावर जगतात, हे त्याच्या बोटांना कधी कळलंच नव्हतं. मेलेल्या माणसात सगळं जागच्या जागी असतं, कारण तिथे काहीच चालू नसतं.

शेवटच्या दुपारी त्याला पाच मिनिटं आत सोडलं. त्यानं इंदूबाईच्या छातीवर तळहात ठेवला. शेकडो हृदयं हातात घेतलेला हा माणूस, पण धडधडणारं त्यानं मुद्दाम हात लावून कधी पाहिलं नव्हतं. चाळीस वर्षं शेजारी झोपलेल्या बाईचंही नाही. हाताखाली काहीतरी अडखळत होतं, थांबत होतं, पुन्हा उठत होतं. "मी सांगतो त्यायले, इंदू," तो म्हणाला, "मी सांगतो खरं काय ते." तिनं ऐकलं की नाही, कोण जाणे. संध्याकाळी पाचला ती गेली.

पुण्यानुमोदनाला मंडपात वस्ती लोटली. बुद्धवंदना झाली, लोक एकेक करून बोलायला उठले. डॉक्टर अपेक्षाही आली होती. माईक हातात घेऊन ती म्हणाली, "काकांनी आम्हाला माणूस आतून दाखवला. काकूंचं दुखणंही त्यांनी वेळेवर ओळखलं होतं. काकूंनी त्यांचं ऐकलं असतं तर आज त्या आपल्यात असत्या." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पार्बताबाई हळहळली, "घरात एवढा जाणता माणूस, अन् बाईनं त्याचं नाई ऐकलं. लय हट्टी होती माय इंदू."

पौर्णिमा बापासमोर बसली होती. ती वाट बघत होती. सगळा मंडप त्याच्याकडे बघत होता, पण ती जशी बघत होती तसं कुणीच नाही.

शालिकरामनं घसा खाकरला. माईक त्याच्या हातात आला.

"हो," तो म्हणाला. "हट्टीच होती."

पौर्णिमा उठली आणि मंडपाबाहेर चालती झाली.