टेबलाच्या कोणत्या बाजूला

दातांच्या दवाखान्यात शिरलं की समोर टेबल आणि टेबलामागे मावशी. कुणाची मावशी म्हणाल तर कुणाचीच नाही. डॉक्टरबाई मावशी म्हणायच्या म्हणून सगळेच म्हणायचे. नाव लिहून घ्यायचं, नंबर आला की आत सोडायचं, गाल धरून कण्हणाऱ्यांना दटावून बसवायचं, हे काम ती वर्षानुवर्षं चोख करत आली होती. टेबलाशेजारी खिडकी होती. रस्त्यावरून कोण कुणाबरोबर चाललंय ते बसल्या जागी कळायचं. मावशीला पगारापेक्षा त्या खिडकीचं अप्रूप जास्त, आणि ते ती लपवतही नव्हती.

मग वरच्या मजल्यावर परदेशी कंपनीचं ऑफिस आलं.

"मावशी, आता ही वरची माणसं दात दाखवायला येणार," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सोमवारी पहिला येतोय. त्याच्याशी चार शब्द इंग्रजीत बोलता आले तर उत्तम. नाहीतर टेबलावर दुसरं कुणीतरी बसवावं लागेल आणि तुम्ही आत, हत्यारं उकळायला."

आतल्या खोलीला खिडकी सोडा, धड झरोकाही नव्हता. नुसती वाफ आणि औषधांचा वास.

भाचीनं फोनवर व्हिडिओ शोधून दिले. रोजच्या बोलण्यातलं इंग्रजी, फुकट. त्यात पिवळ्या झग्यातली एक हसरी बाई प्रश्न विचारायची, मग गप्प बसायची. तेवढ्यात आपण उत्तर द्यायचं. लगेच बाई म्हणणार, "व्हेरी गुड." एकदा त्या मधल्या वेळात मावशीला शिंक आली, तेव्हाही बाई "व्हेरी गुड" म्हणाली. मावशीला जरा शंका आली, पण कौतुक कुणाला नको असतं? 'दातांच्या डॉक्टरकडे' हा व्हिडिओ तिनं घोटून पाठ केला.

"आय हॅव अ टूथेक," भाजी चिरता चिरता ती म्हणाली.

नवऱ्यानं पेपर खाली केला. आयुष्यभर वायरमनचं काम केलेला माणूस, जोड कुठे सैल आहे ते आधी बघणार. "दात दुखतोय?"

"नाही हो. अभ्यास चाललाय."

"या फोनमधली ती टेबलामागची बाई कोण?"

"दवाखान्यातली."

"आणि तू कोण?"

"मी पण दवाखान्यातलीच."

"मग दात कुणाचा दुखतोय?"

मावशीची सुरी थांबली. "उगाच फाटे फोडू नका," ती म्हणाली खरी, पण फाटा फुटायचा तो फुटलाच. तिनं व्हिडिओ पुन्हा लावला. या खेपेला बाईचीच वाक्यं म्हणून बघितली, तर बाई भरभर बोलून मोकळी. थांबायची ती फक्त दात दुखणाऱ्यासाठी. दुकानाचा व्हिडिओ लावला, बँकेचा लावला, हॉटेलचा लावला. सगळीकडे तेच. थांबायचं ते गिऱ्हाइकासाठी. विकणाऱ्याला, वाढणाऱ्याला, लिहून घेणाऱ्याला इंग्रजी उपजतच येतं अशी त्या बाईची समजूत असावी. रविवारी दाराची घंटा वाजली तेव्हा मावशी कडीला हात लावून उभीच राहिली. विचारायचं आपण की सांगायचं आपण?

सोमवारी एक उंच माणूस आला. गालावर हात, तोंड उतरलेलं.

"गुड मॉर्निंग. आय हॅव ॲन अपॉइंटमेंट."

घ्या! हे तर मावशीचं वाक्य. तिचं पाठांतर नेमकं इथूनच सुरू व्हायचं, आणि त्यानंच ते म्हणून टाकलं. आता उरलं त्याच्या पुढचं.

"आय हॅव अ टूथेक," मावशी म्हणाली.

त्याचा गालावरचा हात खाली आला. "यू?"

"सिन्स यस्टर्डे."

"विच साइड?" त्यानं वाकून विचारलं.

बाईही अगदी हेच विचारायची. मावशीच्या जिवात जीव आला. "लेफ्ट. लोअर." गाडी रुळावर आलीच आहे तर थांबा कशाला? "विल इट हर्ट?"

"नो, नो," तो म्हणाला. स्वतः मात्र पांढराफटक पडला होता.

डॉक्टरबाई बाहेर आल्या. तो त्यांच्याशी मावशीकडे हात करून बरंच काही बोलला. मावशीला त्यातलं 'फर्स्ट' तेवढं कळलं.

"मावशी, आत या."

"मी?"

"आधी तुम्हाला तपासा म्हणतोय. फार कळा येतायत म्हणे तुम्हाला."

"अहो मॅडम, माझा दात..."

"आ करा."

तोंडात आरसा गेल्यावर खुलासा कसला करणार? तो माणूस दारात उभा राहून काळजीनं बघत होता.

"डावीकडचे खालचे तर ठणठणीत आहेत," डॉक्टरबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "काय सांगितलंत त्याला?"

"आ," मावशी म्हणाली.

ती खुर्चीतून धडधाकट उठलेली पाहून तो निमूटपणे जाऊन बसला. परत जाताना टेबलाशी थांबून त्यानं काहीतरी विचारलं. मावशीकडे एकच वाक्य शिल्लक होतं, ते तिनं दिलं. "थँक यू, आय फील मच बेटर." त्याचा चेहरा खुलला.

संध्याकाळी डॉक्टरबाईंनी हातमोजे काढले. "तो पुढच्या आठवड्यात येतोय. तुमच्या दाताची चौकशीही करणार आहे."

"मग मी टेबलावर की आत?"

"तेच मला कळत नाहीये." आणि चेहराही तसाच होता त्यांचा. "तुम्ही दिसला नाहीत तर मी तुमचं काय केलं म्हणून मलाच विचारेल. तो येऊन जाईपर्यंत बसा टेबलावर. पण आपण पेशंट नाही, एवढं तोवर डोक्यात पक्कं करा."

घरी आल्या आल्या मावशीनं फोन भिंतीला टेकवला आणि ताठ बसली.

"हाऊ मे आय हेल्प यू?" बाईनं विचारलं आणि थांबली.

"हाऊ मे आय हेल्प यू?" मावशीनं विचारलं.

"व्हेरी गुड," बाई म्हणाली.

"आता कोण कुणाला बरं करणार?" नवऱ्यानं विचारलं.

"जरा गप्प बसा हो. कुठे होते तेच विसरले."

तिनं जिभेनं डावीकडचा खालचा दात चाचपून पाहिला. खरंच ठणकत होता की काय, काही कळेना.