दोनचा आकडा

अंबरनाथची यशोधरा उल्हासनगरात जीन्सचे धागे कापायची. मन घटकेत आभाळात, घटकेत गटारात. मग स्वतःलाच इजा करून घ्यायची. डॉक्टर बाई म्हणाल्या, "मन किती खवळलंय ते रोज शून्य ते दहात एसएमएस कर. सातच्या वर गेलं की मी लगेच फोन करीन."

पण घरात मोबाईल एकच, पप्पांचा. पप्पा, म्हणजे भीमरावकाका, कामावरून आले की स्वतःच 'दोन' टाकायचे. पोरीला स्थळं येत होती ना!

महिन्याने बाई कॉम्प्युटर बघून खूश. "छान सुधारलीस. आता दोन महिन्यांनी ये."

पप्पांबरोबर सोबतीला आलेली कारखान्यातली मैत्रीण भावना फटकन बोलली, "मॅडम, ते आकडे हिच्या पप्पांचे आहेत. हिच्या बाह्या वर करून बघा."

यशोने बाह्या मुठीत घट्ट धरल्या. "खोटारडी आहे ही. जळते माझ्यावर."

बाईंनी काकांकडे बघितलं. काका नुसतं हसले. बाईंनी पुढची तारीख लिहून दिली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात भावना मुद्दाम तिच्याच शेजारी बसली. दिवसभर यशो तिच्याकडे पाठ करून धागे कापत राहिली. सुटताना भावनाने आपला मोबाईल पुढे केला. "माझ्यावर चिड. पण खरा आकडा टाक."

यशोने 'नऊ' दाबला आणि पुसून टाकला.

"पप्पांना कळलं तर?"