रुमालाखालचा करार

टेलिफोनची लाइन पावसाळ्यात सारखी मरायची, म्हणून शहापूरच्या बाजारातल्या आम्ही दहा-बारा दुकानदारांनी मिळून वायरलेस इंटरनेट घ्यायचं ठरवलं. माझं टायपिंगचं दुकान. लाइन नसली की ऑनलाइन फॉर्म भरणारं गिऱ्हाईक सरळ कल्याण गाठायचं. म्हणून अट एकच, आणि ती मी दुकानदारांत वाटलेल्या पत्रकात ठळक छापली होती: सलग तीन दिवस लाइन बंद राहिली, तर करार मोडायचा हक्क आमचा.

बोलणी करायला भातगिरणीवाल्या काकांना पुढे केलं. म्हसा गावच्या जत्रेत बैलाचा सौदा करावा तर काकांनीच, असा त्यांचा लौकिक.

कंपनीचा माणूस गिरणीत आला. निघाला म्हशाजवळच्या मुरबाडकडचाच, म्हणजे जत्रेची रीत जाणणारा. काकांनी खांद्यावरचा रुमाल त्याच्या हातावर टाकला आणि आत बोटं दाबू लागले. जत्रेत बैलाचा भाव असाच ठरतो, रुमालाखाली, बोटांच्या खुणांनी. बोटं काय बोलली, हे नंतर विचारायचं नसतं; तो दलालाचा अपमान.

मी तरी विचारलं, "काका, आपली अट?"

"घातली रे. बैल घेताना कधी कागद वाचलास?"

सगळे मलाच हसले. कागद इंग्रजीत होता. मीच पहिली सही ठोकली. 'वाचल्याशिवाय सही करू नका' अशी पत्रकं वाटत गावोगाव फिरणारा मी!

श्रावणात लाइन पाच दिवस बंद पडली. तेव्हा कुठे मी करार वाचला. अट नव्हतीच. उलट दोन वर्षं सोडता येणार नाही, असं कलम होतं. आणि काकांच्या गिरणीवर उभ्या कंपनीच्या टॉवरचं भाडं दरमहा काकांना, हेही त्यातच.

गिरणीत गेलो. काका शांतपणे भात पाखडत होते.

"आमाला विकलंत, काका."

"दलाल आपलं कायतरी घेतोच. तुला काय आज कळलं? रोज कागद वाचणारा टायपिंगवाला ना तू?"

गिरणीत जमलेले लोक म्हणाले, वयानं मोठं माणूस आहे, जाऊ दे. का जाऊ दे? वय झालं म्हणून दगा पवित्र होतो?

गिरणीच्या दारावर बोलणीच्या वेळी मी चिकटवलेलं माझंच पत्रक होतं: 'काकांचा शब्द तोच आपला शब्द.' काकांसमोरच ते नखांनी खरवडायला लागलो. चिकटवायची खळ मीच घरी शिजवली होती, चांगली घट्ट. अर्धंच निघालं.

"नाय निघायचं ते," काका म्हणाले आणि सूप झटकलं.