निल्लु म्हणजे पाणी

सत्तर किलोचा कुत्रा पाण्याला भितो, हे लातूरला येईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. आमच्या बिलोलीकडं जनावर धुणं म्हणजे म्हशीला ओढ्यात सोडायचं, आणि ती बाहेर निघत नाही म्हणून काठावरून खडे मारत बसायचं. बैल तर पाण्यात उभा राहिला की डोळेच मिटून घेतो. इथं मात्र बादलीची कडी वाजली की पैलवान पलंगाखाली डोकं घालायचा. डोकंच फक्त. बाकीचा सगळा कुत्रा बाहेर.

पैलवान हे मी ठेवलेलं नाव. त्याचं खरं नाव इंग्रजी होतं, ते माझ्या तोंडात बसत नव्हतं. सेंट बर्नार्ड जातीचा, पांढरा-तांबूस, पंजे भाकरीएवढे, कान लोंबते. बंगल्याच्या मालकीण काकू, त्यांच्या मुलानं हौसेनं पिल्लू आणलं आणि वर्षाच्या आत तो नोकरीला पुण्याला गेला. पिल्लू इथंच वाढलं. काकूंचे यजमान अप्पा, त्यांची धान्याची आडत, ते सकाळीच दुकानावर जायचे. काकूंचे गुडघे दुखायचे. म्हणून कुत्र्याला बघायला मी, आणि त्याबदल्यात बंगल्यामागची खोली आम्हाला. नवरा डाळ मिलमध्ये पाळीवर जायचा. लेक आठवीत, शाळा तिथून चालत दहा मिनिटांवर.

मी स्वतः सातवीला सुटले. पुढची शाळा नदीपल्याड होती आणि पोरीला कोण सोडणार, कोण आणणार, एवढ्यावरच ती गोष्ट मिटली. त्यामुळं त्या खोलीकडं मी कधी नुसती खोली म्हणून बघितलंच नाही. खोली गेली की शाळा गेली, असंच डोक्यात. माहेर म्हणावं तर नांदेडला एसटी बदलून दिवस जातो. तिथून कोण धावून येणार?

माझ्या आधी एक माणूस होता. कुत्र्याला गोचीड झाले, त्यानं सांगितलं नाही, त्याला काढलं. हे काकूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, चहा देता देता, सहज. त्यांच्यासाठी सहज. मी त्या दिवसापासून रोज कुत्र्याचे केस बोटानं फाकवून कातडी बघायची सवय लावून घेतली. दिवसातून दोनदा. कधी तीनदा.

अंघोळ पंधरा दिवसांनी. लातूरचं पाणी म्हणजे नळ आठ-आठ दिवस येत नाही, आणि बोअरचं पाणी असं जड की शाम्पूला फेसच येत नाही. म्हणून नळाचं पाणी दोन पिंपांत धरून ठेवायचं आणि ते कुत्र्यावर घालायचं. काकू म्हणायच्या, "माणसानं न्हाई केली आंघोळ तं चालतंय. ह्याला पायजे. राजाच हाय आमचा."

त्याच्या केसांखाली अजून एक केसांचा थर असतो, लोकरीसारखा. वरून तांब्याभर पाणी ओतलं तर ते पत्र्यावरून ओघळल्यासारखं निघून जातं, कातडी कोरडीच. एका हातानं केस फाकवायचे, दुसऱ्या हातानं थोडं थोडं पाणी सोडायचं. पायापासून सुरू करायचं, मग पोट, मग पाठ. शहाबादी फरशीवर पाय सरकतो म्हणून खाली गोणपाट. साखळी पेरूच्या झाडाला. शाम्पू धुवायला जेवढं पाणी लागतं तेवढ्यात आमच्या खोलीचं दोन दिवस भागलं असतं, हे मनात यायचंच. मग अप्पांच्या जुन्या धोतरांनी पुसायचं, चार धोतरं भिजायची, आणि उन्हात फिरवत केस विंचरत राहायचं. आतला थर ओला राहिला की वास येतो, कातडी लाल होते. आमच्या बैलाला काय, उन्हात बांधला की झालं. मला हे सगळं चुकत चुकत कळलं. डोक्यावर पाणी मात्र कधीच घातलं नाही. तोंड ओल्या फडक्यानं पुसायचं, कानात कापसाचे बोळे.

ही गोष्ट घडली त्या वेळी तर त्याचा डावा कान आधीच बिघडलेला होता. आतून लाल, चिकट, आंबट वासाचा. डॉक्टर चार दिवसांपूर्वी येऊन गेले होते, थेंब दिले होते. ते थेंब अप्पा स्वतः घालायचे, दुकानाला जायच्या आधी आणि आल्यावर. दुसऱ्या दिवशी मुलगा पुण्याहून येणार होता आणि कुत्र्याला वास येत होता. काकूंनी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "घाला अंघोळ, पण मानेच्या खाली. कानात पाण्याचा एक थेंब जाऊ देऊ नका." काकूंनी मला ते तीनदा सांगितलं. मी त्यांना दोनदा म्हणून दाखवलं.

अमावस्या होती, म्हणून आडत बंद आणि अप्पा घरी. भस्माचे पट्टे ओढलेले, गळ्यात लिंग, अंगात बनियन, धोतर वर खोचलेलं. म्हणाले, "आज मी धरतो. बघू तुमचा कारभार."

"अप्पा, तुमी बसा. म्या बांधते झाडाला."

"का? म्या पैलवान न्हाई वाटतं?"

त्यांनी साखळी मनगटाला गुंडाळली. अप्पा निलंग्याच्या पलीकडचे, कर्नाटकाला लागून गाव. दुकानात मराठी, घरात काकूंशी मराठी, पण जनावराशी कायम कानडी. बिचाऱ्या कुत्र्याला मुलानं इंग्रजी शिकवलेलं. त्याला अप्पांचं काही कळायचं नाही, आणि मला दोघांचंही.

पाठ धुऊन झाली होती. मी भरलेली बादली उचलली, शेवटचं पाणी सोडायला. इतक्यात गल्लीतून भाजीची गाडी भोंगा वाजवत गेली, पैलवान दचकला आणि ओढायला लागला. अप्पांचे पाय गोणपाटावरून सरकले. ते ओरडले,

"निल्लु! निल्लु! ए, निल्लु!"

आता आमच्या बिलोलीकडं निम्मं गाव तेलुगु बोलतं. आमच्या घरात मराठी, पण शेजारणीशी, मजुरांशी तेलुगु. आणि तेलुगुत पाण्याला नीळ्ळु म्हणतात. उन्हातून आलेला माणूस दारात उभा राहून "नीळ्ळु, नीळ्ळु" म्हणतो आणि आपण तांब्या घेऊन पळतो, हे माझ्या पायांना लहानपणापासून ठाऊक. मला वाटलं, शाम्पू कुत्र्याच्या डोळ्यात गेला, अप्पा पाणी मागायलेत. विचार केलाच नाही. सगळी बादली पैलवानाच्या डोक्यावरून ओतली.

पैलवान मागच्या दोन पायांवर उभा राहिला. अप्पा फुलांच्या वाफ्यात बसले, अगदी मांडी घालून बसावं तसे. कुत्रा मनगटातून सुटलेल्या साखळीसकट घरात गेला आणि बैठकीच्या मधोमध उभा राहून त्यानं अंग झटकलं. भिंतीपर्यंत.

"अगं, निल्लु म्हणलो की मी!"

"तेच तं घातलं की, अप्पा!"

"काय घातलंस?"

"पाणी!"

"पाणी कोण म्हणलं? निल्लु म्हणजे थांब! हुबं ऱ्हा!"

"आमच्यात नीळ्ळु म्हणजे पाणी हाय!"

अप्पा चिखलात तसेच बसून माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांना हसू फुटलं. असं हसू की काकू आतून ओल्या भिंतीबद्दल ओरडत आल्या आणि त्याही दाराला धरून हसायला लागल्या. "म्हंजे तुमी थांब म्हणत बसले असते अन् हिनं आख्खं पिंप रिकामं केलं असतं!" अप्पांनी लगेच मुलाला फोन लावून ती गोष्ट सांगितली. मग दुकानातल्या मुनिमाला सांगितली. कानात बोळे होतेच, म्हणून कुणाला काळजी वाटली नाही. मीही हसत होते. हसता हसता वाफ्यात एक पांढरं काही दिसलं. डाव्या कानातला बोळा. चिखलानं काळा झालेला, पाणी प्यायलेला.

मी तो उचलला आणि मुठीत धरला.

त्याच क्षणी सांगायला पाहिजे होतं. सगळे हसत होते, कुणी रागावलं नसतं. पण सगळे हसत असताना तोंडातून ते निघेना. आणि हसणं संपल्यावर तर वेळच गेली. बोळा मी शेणखताच्या खड्ड्यात टाकला. पैलवानाला पुसलं, नेहमीपेक्षा जास्त पुसलं, फडक्याचं टोक कानात जाईल तेवढं घालून बघितलं. तो डोकं काढून घ्यायचा.

संध्याकाळपर्यंत त्यानं डोकं एका बाजूला कलतं धरलं. मी खोलीत स्वयंपाक करत होते आणि दर दहा मिनिटांनी उठून बंगल्याच्या मागच्या दारात जात होते. लेक म्हणाली, "आई, तुजं काय हरवलंय का?" मी म्हटलं, "तू पाढे म्हण." ती म्हणाली, "आठवीला पाढे न्हाईत."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कान फरशीवर घासायला लागला. आमच्याकडं माणसाचा कान ठणकला की लसूण घालून तेल कडवायचं, कोमट करून दोन थेंब सोडायचे. मी पळीत तेल घेतलं, दोन पाकळ्या ठेचल्या, गॅसवर ठेवलंही. लसणाचा वास आला आणि माझीच मला भीती वाटली. एक चूक झाकायला दुसरी करायला निघाले होते. तेल भाजीत ओतलं. त्या दिवशीच्या भाजीला तेल फार झालं असं नवरा म्हणाला, बाकी त्याला काही कळलं नाही.

दुपारी मुलगा आला. बॅग खांद्यावर तशीच ठेवून त्यानं आधी कुत्र्याचा कान उघडला. आतून पिवळं येत होतं. पैलवान कळवळला, जो कधी तोंड उघडायचा नाही तो.

"अप्पा, थेंब कोण घालतंय ह्याला?"

"मीच घालतो की रे."

"मग हे असं कसं? बाटली अजून अर्धी हाय. तुमी घालतच न्हाई. तुमाला न्हाई जमत तं सांगायचं होतं मला."

"घालतो रे. कवा कवा हात हलतो, भाईर सांडत असंल..."

"सांडत असंल काय! मुकं जनावर हाय ते, अप्पा!"

अप्पा सोफ्याच्या कडेवर बसले होते. ते आपल्या उजव्या हाताकडं बघत होते. नुसते बघत होते, पालथा करून, उताणा करून. दुकानात चार माणसं ज्यांच्यापुढं चप्पल काढून उभी राहतात, ते. मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी. ट्रे खाली ठेवला.

"दादा, अप्पांनी थेंब घातलेत. रोज घातलेत. कानात पाणी म्या घातलं."

मुलगा वळला.

"बादली वतली तवा बोळा निघाला. म्या बघितला. सांगितलं न्हाई."

"कवा?"

"काल. काल सकाळी."

"अन् आता सांगायलीस?"

तो डॉक्टरांना फोन लावायला बाहेर गेला. काकू ट्रे स्वतःच उचलून आत गेल्या. ते मला जास्त लागलं. मी मनातल्या मनात खोलीतलं सामान बांधायला घेतलं. गॅसची शेगडी, दोन पेट्या, लेकीचं दप्तर. शाळेचा दाखला वर्षाच्या मध्ये देतात की नाही, हे कुणाला विचारायचं, इथपर्यंत मी पोचले होते.

डॉक्टर तासाभरात आले. पैलवान मुलाच्या हातात राहीना, अप्पांच्याही राहीना. शेवटी डॉक्टर म्हणाले, "रोज कोण बघतं ह्याला? त्यांना बोलवा." मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, जबडा काखेत धरला, तेव्हा कुठं त्यांनी कान धुतला. काय काय निघालं ते लिहीत नाही. मी विचारलं, "सायेब, पाण्यानंच झालं का?"

"थोडं पाण्यानं, थोडं आधीचंच आत दडलेलं होतं. कानाचा पडदा चांगला आहे." हात पुसत म्हणाले, "काल कळलं असतं तर एक दिवस कमी सोसला असता, एवढंच."

एवढंच, ते म्हणाले. मला ते एवढंच अजून पचलेलं नाही.

डॉक्टर गेल्यावर काकू मागच्या दारात आल्या. मी भिजलेलं धोतर पिळत होते.

"आमचं भ्या वाटलं व्हय तुला?"

"हाव."

"कशाचं?"

खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. "खोलीचं, काकू."

त्या पायरीवर बसल्या, गुडघा धरून, सावकाश. मग म्हणाल्या, "येडी हायस. खोली तुला कुत्र्यानं दिल्याली न्हाई. म्या दिली." आणि रागानंच, "पर ह्यांना त्यानं एवढं बोलूस्तोवर तू गप हुबी ऱ्हायलीस, ते मला न्हाई आवडलं."

"हाव, काकू."

"हाव काय. जा, माफी माग त्यांची. माजी नगं."

मी गेले. अप्पा पेपर उघडून बसले होते, वाचत नव्हते. मी पाया पडले तर त्यांनी पाय मागं घेतले. म्हणाले, "थेंब आता तूच घालत जा. माजा हात खरंच हलतोय गं." ते त्यांनी इतक्या हळू सांगितलं की मुलाला ऐकू गेलं नसेल. डॉक्टरांनी थेंब बदलून दिले होते, म्हणून मी विचारलं, दिवसातून किती वेळा. बाटलीवरचं इंग्रजी होतं, बारीक अक्षरात, ते आम्हा दोघांनाही वाचता येईना. मग मुलाला न विचारता त्यांनी माझ्या लेकीला हाक मारायला लावली.