बटण दाबल्यावर

टोकरखाड्यात माझ्या समोरच्या खोलीत तो एकटा राहतो. धुळ्याकडचा आहे, खडोलीच्या कारखान्यांना वेबसाइट करून देतो. मी शाळेत मराठी शिकवणारा, मला त्यातलं कळत नाही. विचारलं की म्हणतो, "फ्रेमवर्क असतं ना सर. सांगाडा रेडी मिळतो, आपण फक्त नाव न् रंग बदलायचे." त्याच्या दिवाळीच्या शुभेच्छाही रेडीच येतात. यंदा तर खाली सुरतेच्या कुठल्याशा परिवाराचं नाव तसंच राहिलं होतं.

परवा सकाळी त्यानं दार वाजवलं. "सर, जरा येता का?"

टेबलावर लॅपटॉप उघडा होता. पांढऱ्या पानावर एकच बटण. मी ते दाबलं, तर खाली अक्षरं उमटली: 'या, बसा.'

"यात फ्रेमवर्क नाही," तो हळूच म्हणाला. "त्याच्या खालची मूळ भाषा शिकतोय. हे सगळं हातानं लिहिलंय."

"ऑफिसात दाखवलंस?"

"हसतील सर. रेडी मिळतंय तर कशाला, म्हणतील."

त्यानं मला पुन्हा बटण दाबायला लावलं. मग मी खरंच बसावं म्हणून वळलो. खोलीत खुर्ची एकच होती, आणि तो ती रुमालानं पुसत होता.