अक्का पाण्याला भीत नव्हत्या

केमहून दत्तूचा फोन आला तेव्हा मी वर्तमानपत्राची घडी घालत होते. "मामी, आई ऱ्हायली न्हाय... चहा मागितला आन् कप हातात घ्यायच्या आदीच..." दत्तू म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेचा, अक्कांचा मुलगा.

निहार, ईशा, त्या दिवशी तुम्हाला ही बातमी फोनवर सांगितली. निहार म्हणाला, "समुद्राला घाबरायची तीच ना गं, अक्काआजी?" मी "हो" म्हणाले. त्याला आता सहा आठवडे झाले. त्या 'हो'साठी हे लिहिते आहे. तुम्हाला मराठी वाचायला जड जातं, म्हणून आई वाचून दाखवेल.

तुमचे आजोबा शिकून सोलापूरला आले, मी इथल्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले, आणि त्यांच्या मोठ्या बहीण अक्का केमच्या शेतावरच राहिल्या. लहानपणी त्या मळ्यातल्या विहिरीत काठावरून उडी टाकायच्या. आजोबांना पोहायला त्यांनीच शिकवलं. समुद्र मात्र कधी पाहिला नव्हता. एकदा नवी पेठेत त्यांच्यासाठी लुगडं घ्यायला गेलो होतो. दुकानदाराने निळं लुगडं पुढ्यात पसरलं, तर मला विचारतात, "सुधा, समुद्र असाच दिसतो व्हय गं?" मी उत्तर द्यायच्या आत दुकानदारच म्हणाला, "आजी, त्यो ह्याच्यापेक्षा मळका असतो की!" अक्का इतक्या हसल्या की शेवटी तेच लुगडं घेतलं.

म्हणून तुम्ही लहान असताना सुट्टीला आलात आणि गाडीने गुहागरला जायचं ठरलं, तेव्हा अक्कांना मी मुद्दाम बोलावून घेतलं. प्रवासाची यादी अर्थात माझी. मुलांनी मागच्या सीटवर, पट्टा लावून. घाटाआधी पोटभर खायचं नाही. उन्हं उतरल्याशिवाय वाळूत जायचं नाही, पाणी गुडघ्यावर आलं की मागे फिरायचं. टोप्या, उलटीच्या गोळ्या, प्रत्येकाच्या नावाची पाण्याची बाटली. थांबे दोनच... चहाचा आणि जेवणाचा. तुमचे बाबा यादी वाचून म्हणाले, "आई, तू कलेक्टर व्हायला हवी होतीस." मला ते आवडलं होतं.

बायकांनी वाटेत लघवीला कुठे जायचं, हे त्या यादीत नव्हतं. सुचलं नाही असं नाही. यादी मुलगा वाचणार, ड्रायव्हर वाचणार... मला लिहायला लाज वाटली. निघताना मी स्वतः चहा अर्धाच घेतला. आम्ही बायका प्रवासात असंच करत आलो. अक्कांनी आदल्या संध्याकाळपासूनच पाणी प्यायचं सोडलं होतं. चहाच्या टपरीवर काही सोय नव्हती, जेवणाच्या ठिकाणी होती तर दाराला कडी नव्हती. कुंभार्ली घाटात मी विचारलं, "अक्का, पाणी?" "नगं गं, तहान न्हाय." त्यांचे ओठ सुकून पांढरे पडलेले मला दिसत होते. मी आग्रह केला नाही. त्या प्यायल्या असत्या तर आणखी एकदा थांबावं लागलं असतं आणि माझं वेळापत्रक चुकलं असतं.

उन्हं उतरताना पोचलो. तुम्ही दोघं पळालात. अक्का लुगड्याचा ओचा वर खोचून तुमच्यामागे भराभरा निघाल्या आणि लाट दहा पावलांवर असताना मटकन खाली बसल्या. पाय काही ओले झाले नाहीत. मुक्कामावर डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, "अंगातलं पाणी संपलंय. आजी, वाटेत काही प्यायलाच नाहीत का?" अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "प्याले की! वय झालं आता, दुसरं काय." सलाइन लागलं, दोन दिवस विश्रांती सांगितली. त्यांच्या खोलीच्या खिडकीतून सुरूची झाडं दिसायची. समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू यायचा.

सकाळी तुम्ही विचारलंत, "अक्काआजी का येत नाही?" तुमचे बाबा शेजारीच उभे होते. मी म्हणाले, "तिला पाण्याची भीती वाटते." अक्का जाग्या होत्या. चादर तोंडापर्यंत ओढून म्हणाल्या, "व्हय रं बाळांनो, लई भ्याते. गिळलं म्हंजे त्यानं मला?" तुम्ही खदखदून हसलात. मग पुढची कितीतरी वर्षं त्या फोनवर तुमच्या 'भित्री आजी' झाल्या आणि मी कधी मध्ये बोलले नाही.

एकदा केमला गेले असताना मी विषय काढला. "अक्का, पोरांना खरं सांगायला हवं." त्या शेंगा फोडत होत्या. "ऱ्हाऊ दे गं. हसत्यात की प्वारं." मी ती क्षमाच मानली, कारण ते सोयीचं होतं. पुन्हा नेईन म्हणाले होते. आधी आजोबांचं आजारपण आलं, मग अक्कांचे गुडघे... नेलं नाही.

दिवसकार्य आटोपून केमहून निघाले, तर दत्तूची बायको भरलेला तांब्या घेऊन गाडीपाशी आली. गुहागरहून परतल्यापासून अक्कांनी ही सवय लावून घेतली होती, असं ती म्हणाली. बाईमाणूस प्रवासाला निघालं की पाणी पाजल्याशिवाय सोडायच्या नाहीत. मी सवयीने म्हणाले, "नको गं, लांब जायचंय." "आत्याबाई असत्या तर सोडलं असतं व्हय?"

मी तांब्या रिकामा केला. कुर्डुवाडी यायच्या आत ड्रायव्हरला मोठ्याने सांगितलं, "मला लघवीला जायचंय, जागा बघून थांबवा." तो "बरं, आजी" म्हणाला. पुढच्याच पेट्रोल पंपावर त्याने गाडी आत घेतली. एवढंच करायचं होतं.